खंडेनवमीचं विमान

"शिडी कशाला आणलीस? ज्यानं विमान घडवलं त्याला शिडी लागती व्हय?" रणधीर ओरडला आणि वेटरनं शिडी परत नेली.

जळकोटच्या पुढं, हमरस्त्याला लागून रणधीरचा धाबा आहे. धाब्यासमोरच्या चौथऱ्यावर जेमतेम दोन माणसं बसतील एवढं जुनं विमान उभं होतं. विमानांचा एक कारखाना बंद पडला, माल भंगारात निघाला, त्यातलं हे एक रणधीरनं ट्रेलरवर घालून आणलं होतं. आज खंडेनवमी. घरोघरी कोयते, नांगर, ट्रॅक्टर पूजले जात होते, तशी इथं विमानाची पूजा होती. नाकाडावर झेंडूचा हार चढला होता. चौथऱ्याला नवी पाटी लागली होती: 'हे विमान घडवणारे हात आपल्या गावचे – श्री. माणिकप्पा.'

माणिकप्पा पाटीकडं बघत नव्हते.

गावात त्यांना विमानवाले अप्पा म्हणत. तरुणपणी ते बंगळूरकडं विमानांच्या कारखान्यात होते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. खरं तर होते ते कारखान्याच्या फाटकासमोरच्या हॉटेलात, भांडी घासायला. आत गेले एकदाच, तेही अशाच एका खंडेनवमीला. त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडत, त्यांच्या घोळक्यात हे घुसले. दोरीच्या पलीकडं लहान लहान विमानं ओळीनं उभी होती. केळीचे खांब बांधलेले, पंखांवर झेंडू इतका की खालचा पंख दिसू नये. दोरीवरून हात पोचत नव्हता. थोड्या वेळानं शिट्टी झाली, ओंजळीत चुरमुरे पडले आणि सगळे बाहेर.

त्या एका फेरीतून त्यांनी पुढं आख्खी नोकरी काढली. पत्रा कसा कापायचा, रिबिटा कशा ठोकायच्या, साहेब पाठीवर थाप कशी मारायचा. सुट्टीला घरी आले की बायको, प्रेमाबाई, त्यांच्या तळहाताच्या घट्ट्यांना खोबरेल चोळायच्या. पत्रा ठोकून पडलेले घट्टे म्हणून.

"अज्जा, आत बसा आन् हात करा," नात गायत्री मोबाईल धरून म्हणाली. "मी व्हिडिओ काढते."

"नको गं. गुडघे धरलेत."

"लाजता काय अप्पा, नव्या नवरीवानी?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "तुमचंच लेकरू हाय ते. बसा मांडीवर!"

माणसं हसली. पुढं प्रेमाबाई पूजेचं ताट धरून उभ्या होत्या. ठेवणीतलं इरकल नेसल्या होत्या.

"जावा की," त्या म्हणाल्या. "समदी खोळंबलीत."

त्यांचा चेहरा असा फुलला होता की माणिकप्पांना पुढचं कारण सुचेना. त्यांनी चपला काढल्या आणि पंखाला हात घालून वर चढले. विमानाच्या अंगालगत पंखावर एक काळी, खरबरीत पट्टी होती. डांबर असावं, त्यांना वाटलं. धुतलेल्या धोतराला लागायला नको म्हणून त्यांनी पट्टी सोडली आणि चकचकीत पिवळ्या भागावर पाय टाकला.

फर्रकन आवाज झाला. पाय गुडघ्यापर्यंत पंखात गेला.

पंख कापडाचा होता. रंगाच्या थरांखाली ताणून बसवलेलं कापड आणि आत लाकडाच्या पट्ट्या. त्यातल्याच दोन पट्ट्यांमध्ये घोटा अडकला होता.

"अरारारा! लागलं का?" रणधीर धावला. "कात्री आना रे कुनीतरी! कापड कुजलंय अप्पा, तुमचा काय दोष? पाय ठिवायला ती काळी पट्टी हाय. ट्रेलरवाल्यानं बजावलं व्हतं मला. म्या म्हनलं, अप्पांना आपुन काय सांगायचं!"

प्रेमाबाई ताट घेऊनच पंखाशी आल्या. फाटलेली कड त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली, दुकानात खण बघावा तशी.

"कापड हाय हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"व्हय."

"तुमी तर पत्रा ठोकत व्हता न्हवं?"

माणिकप्पा तोल सावरायला विमानाला धरून उभे होते. प्रेमाबाई त्यांच्या हातांकडं बघत राहिल्या.

"एकदाच गेलतो आत," ते म्हणाले. दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं. "बघाया."

तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "अप्पा, ह्याला पत्रा कुठाय ओ? रिबिटा कशात मारत व्हता?"

थट्टाच होती, पण हसलं कोणी नाही. सगळे वर बघू लागले. गायत्रीनं मोबाईल किंचित खाली घेतला.

गावात बांधाचं भांडण असो की सासू-सुनेचं, प्रेमाबाईंना साक्षीला बोलवत. त्यांनी सांगितलं की पुढं कोणी विचारत नसे. त्या माणसांकडं वळल्या.

"ह्यांच्या कारखान्यात पत्र्याची व्हती," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "हे दुसरीकडचं हाय. कापडाची टिकत न्हाईत, असं ह्यांनी मला तवाच सांगितलं व्हतं."

"असं व्हय!" रणधीरचा जीव भांड्यात पडला. "तरीच! मग पाटीवरचं 'हे विमान' तेवढं काढू आन् 'अस्सल विमानं' करू. काय अप्पा?"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. गायत्रीनं मोबाईल पुन्हा वर धरला.

प्रेमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. हार घातलेल्या विमानापुढं जाऊन त्यांनी ताट खाली ठेवलं, हात जोडले आणि स्वतःच्या दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या. पूजेच्या वस्तूला नवऱ्याचा पाय लागला म्हणून, असं बघणाऱ्यांना वाटलं.

माणिकप्पा वरून बघत होते. कात्री अजून आली नव्हती आणि पाय निघत नव्हता.