सुधारलेल्या नवऱ्याचा सत्कार

"वहिनी, हार तुमच्याच हातानं घाला," सरपंच माइकवरून द्वारकाला म्हणाले.

बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांसाठी गावानं मंगळवारचा वर्ग सुरू केला, तो मी चालवते. तो पूर्ण करणारा पहिला माणूस सुदाम. म्हणून त्याला शाल, श्रीफळ, वर फेटासुद्धा. मी आधीच भांडले होते. "मारायचं थांबवलं म्हणून सत्कार? मग ज्यांनी कधी हात उचललाच नाही, त्यांना काय हत्तीवरून मिरवणार?"

"ताई, बाकीच्यांना हुरूप येईल," सरपंच म्हणाले होते.

आता फेटा बांधलेला सुदाम नवरदेवासारखा उभा होता. भाषणात तो स्वतःच्या रागाबद्दल असं बोलला, जणू तो राग शेजारच्या घरातून येऊन बायकोला बडवून जायचा.

त्याच्या बायकोनं, द्वारकानं, हार उचलला. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. नवऱ्यानंच मोडलेला तो हात पुन्हा नीट जुळलाच नव्हता. सुदामच्या ते लक्षात आलं. तो हसून कमरेत वाकला आणि त्यानं मान पुढं केली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, किती बदलला माणूस! बायकोपुढं वाकला!" सरपंच माइकवर ओरडले.

द्वारकानं हार परत ताटात ठेवला.

"असेच वाकायचे हे," ती माइकजवळ जाऊन म्हणाली, "मला खाली पाडल्यावर."