हरळीचा मेमो

"हेड माळी असून ग्रीनवर हरळी?" कारखानीस साहेबांनी छडीनं भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीतल्या चार काड्या दाखवल्या आणि माझ्या हातात मेमो ठेवला. ते गोल्फ क्लबचे अध्यक्ष. बोलायला आपण कोण?

उन्हाळाभर आम्ही खुरप्यांनी हरळी मुळासकट काढली. पावसाळ्याच्या तोंडावर विमानानं परदेशी गवत आलं. बर्म्युडा त्याचं नाव. साहेबांनी नारळ फोडून पहिली काडी लावली, फोटो काढून घेतला. पान बघून मी तेव्हाच ओळखलं होतं, पण मेमो खिशात होता.

भाद्रपदात क्लबचा गणपती बसला. आरतीची वेळ झाली आणि दुर्वाच नाहीत. साहेब माझ्यावर ओरडले, "अख्ख्या मैदानात एक जुडी मिळेना?" गवत कापायचं मशीन न फिरलेल्या नवव्या ग्रीनवरून मी एकवीस कोवळ्या दुर्वा खुडून आणल्या.

साहेबांनी डोळे मिटून त्या वाहिल्या. मग विचारलं, "मिळाल्या कुठं?"

"तुमच्या बर्म्युडातून. हरळी, दुर्वा, बर्म्युडा, सगळं एकच गवत, साहेब. आपल्या हरळीला तेवढं विमानात बसायला मिळालं नव्हतं."

साहेब हसले नाहीत. विसर्जनाआधी दुसरा मेमो आला: परवानगीशिवाय ग्रीनवरचं गवत तोडल्याबद्दल.