उशिराचा फॉर्म

भिंतीवरचं घड्याळ. तीन मिनिटं पुढे.

काडेपेटी. आत काडी एकही नाही.

लाल रंगाची बुटकी खुर्ची. पाठीवर चिठ्ठी: मोठ्यांनी बसू नये.

गेटबाहेर उभी गाडी. आत एक बाई, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी बंद.

हिरवा फॉर्म. तीन प्रतींत.

"अकरा वाजून चौदा," बाप म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

"आमच्या घड्याळात सतरा," भेटखोली सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या.

"मग सतरा लिहितो."

कोर्टाचा हुकूम साधा होता. मुलगी आईकडे राहील. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, अकरा ते बारा, कोर्टाच्या भेटखोलीत बापाला भेटेल. आणायचं आईने. आई आणायची. एकही शनिवार चुकवला नाही तिने. फक्त गाडी गेटबाहेर थांबवून ठेवायची. कधी दहा मिनिटं, कधी पंचवीस. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आणते ना मी? अजून काय करू, पाळण्यात घालून आणू?"

बापाच्या वकिलाने पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "लेखी नसेल तर ते घडलंच नाही, असं समजा." उशिराची तक्रार त्याच दिवशी, भेटीच्या वेळेतच, काकूंची सही घेऊन द्यायची. बारा वाजले की खिडकी बंद.

म्हणून तो लिहायचा. तीन प्रती, प्रत्येकीत चौदा रकाने. कार्बन पेपर काकूंकडचा संपला होता, नवा कधी आलाच नाही.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मुलीने खिशातून काडेपेटी काढली. "बाबा, बघ ना. पडला."

"एक मिनिट हं, बाळा."

"रक्तसुद्धा आलं होतं."

"हो हो. एकच मिनिट."

काकूंना राहवलं नाही. "अहो, आधी पोरीशी बोला. तो कागद काय पळून जातोय?"

"जातो," तो मान वर न करता म्हणाला. "बारा वाजले की जातो."

काडेपेटीतला दात शेवटी काकूंनी पाहिला. छान आहे म्हणाल्या.

मुलगी सहाची सात झाली, सातची आठ. आता ती आत आली की आधी काकूंच्या टेबलावरून हिरवे कागद उचलायची, बापापुढे ठेवायची आणि लाल खुर्चीत बसायची. खुर्ची तिला लहान व्हायला लागली होती. 'जबाबदार पालक', 'विलंबाचा कालावधी' हे शब्द ती न अडखळता वाचायची. बाप खूश व्हायचा. वाचन किती सुधारलंय, म्हणायचा.

"विलंबाचं कारण?" ती विचारायची. "गर्दी लिही. आईने सांगितलंय."

"आईने सांगितलेलं लिहायचं नसतं."

"मग मोकळं सोडायचं?"

"मोकळं सोडायचं."

दोन वर्षांत एक्केचाळीस फॉर्म झाले. वकिलाने ते सुतळीने बांधून कोर्टापुढे ठेवले. आईच्या वकिलाने पानं उलटली, प्रत्येक पानावर काकूंची सही बघितली आणि तो खाली बसला.

न्यायाधीशबाईंनी आईला उभं केलं आणि सगळ्यांदेखत चांगलं सुनावलं. बुडालेला सगळा वेळ भरून द्यायचा. येत्या सुटीत मुलगी सलग दहा दिवस बापाच्या घरी राहील. आईनेच पोचवायचं. यापुढे पाच मिनिटं जरी उशीर झाला, तरी दंड.

"जिंकलात," वकील कुजबुजला. बापाला रडू आवरेना. त्याने रुमाल शोधला. खिशात पेनच सापडलं.

मग बाईंनी मुलीला आपल्या दालनात बोलावलं. आईबाप दोघंही दाराशी उभे होते. दोघांमध्ये एक माणूस आरामात जाईल एवढं अंतर.

"बाबांकडे दहा दिवस राहायला जाशील ना?" बाईंनी विचारलं.

"जाईन की."

"आवडेल तुला?"

मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि बाईंच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "पण आईला वेळेवर पोचवायला सांगा. नाहीतर बाबा दहाही दिवस लिहीत बसेल."

निकालानंतरच्या पहिल्या शनिवारी मुलगी वीस मिनिटं आधी येऊन लाल खुर्चीवर बसली होती. बाप आला तेव्हा अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. बापाच्या उशिरासाठी फॉर्मवर रकाना नाही.