फक्त पहिली ओळ

कपाटभर सीड्या नीट ऐकायच्या म्हणून आमच्या ह्यांना डॅक घ्यायचा होता. डॅक म्हणजे सीडीवर आकड्यांत साठवलेलं गाणं आवाजात बदलणारी डबी. पण एक पसंत पडेल तर शपथ. दुकानातून डब्या आणायच्या, परत करायच्या. प्रत्येकीवर लावायची मात्र एकच सीडी, सासूबाईंच्या गाण्याची. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी घरीच रेकॉर्ड केलेली, एकुलती एक.

“आईचा आवाज मला पाठ आहे. खोट असली तर लगेच कळेल.”

पहिली ओळ झाली की बंद करायचे, वायर बदलायचे आणि पुन्हा तीच ओळ.

“सांग, कुठली बरी?”

“दुसरी,” मी भांडी घासताघासता म्हणायचे.

काल एकदाची डबी ठरली. मीही हात पुसून शेजारी बसले. म्हटलं, आज सासूबाईंना पुरतं गाऊ दे. दुसऱ्या ओळीला सीडी अडखळली आणि गप्प झाली. पुसून पाहिली, कॉम्प्युटरवर लावून पाहिली. पुढचं काही उरलंच नव्हतं. घालताकाढता ओरखडे पडले की आधीच गेली होती, कोण जाणे. तिथवर आम्ही कधी पोचलोच नव्हतो.


ह्यांनी पुन्हा पहिली ओळ लावली. या वेळी मला काही विचारलं नाही.