वारा कुठं जायलाय

“इंजिनाचं हेड खोलावंच लागंल, सर. आठ दिवस गाडी हितंच राहील,” भुजंग मिस्त्री बॉनेटवर हात टेकून म्हणाले.

मार्तंड सरांचा चेहरा उतरला. त्यांच्या पत्नीला, विमलाबाईंना, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा मानवतहून परभणीला न्यावं लागे. नेत होती ही वीस वर्षांची मारुती. दिवाळीत तिच्या पंख्याची मोटार जळाली. भुजंगरावांनी नवी बसवली, तरी गाडी तापायचीच. मग थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर धुतला. परवा तर विमलाबाई भर दुपारी रस्त्याकडेच्या बाभळीखाली पाऊण तास बसून होत्या.

भुजंगरावांनी पस्तीस वर्षं तालुक्यातल्या गाड्या चालत्या ठेवल्या होत्या. ते हेड म्हणाले की हेड.

“मामा, सरांना एक विचारू?”

ही रुपाली, त्यांची सून. सासऱ्यांचा डबा घेऊन यायची, बघता बघता पाना हातात आला. पण गिऱ्हाइकासमोर त्यांच्या बोलण्यात ती आजवर पडली नव्हती.

भुजंगरावांनी तिच्याकडं पाहिलं. “विचार की.”

“सर, गाडी उभी असताना तापती का?”

“नाही. गावात काहीच होत नाही. बाहेर पडून वेग घेतला, की दहा किलोमीटरात काटा वर.”

रुपालीनं इंजिन सुरू केलं. थोड्या वेळानं पंखा फिरू लागला.

“पंखा तर चांगला फिरायलाय,” भुजंगराव म्हणाले.

“फिरायलाय, मामा. पण वारा कुठं जायलाय?”

तिनं रस्त्यावर पडलेला कापसाचा पुंजका उचलला आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर सोडला. पंख्यानं तो आत ओढायला हवा होता. पुंजका उलट उडाला आणि तिच्या खांद्यावर बसला.

पंखा उलटा फिरत होता. धावत्या गाडीला समोरून मिळणारा गार वारा तो बाहेर लोटत होता.

रुपालीनं मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल केली. सरांना शेजारी बसवून तिनं गाडी परभणीच्या रस्त्याला वीस किलोमीटर पळवून आणली. काटा निम्म्यावरून हलला नाही. सर उतरले. त्यांनी तिच्यापुढं हात जोडले.

गॅरेजात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्याकडं एकदा बघून रुपाली घाईनं म्हणाली, “नव्या मोटारीच्या वायरीच उलट आल्या असतील, मामा.”

“न्हाई, पोरी. मोटार चांगली व्हती. वायरी मी जोडल्या.”

भुजंगरावांनी हातातला पाना रुपालीपुढं धरला. तिनं तो घेतला. मग ते सरांकडं वळले.

“सोमवारी वहिनीला न्याल तवा मला बी संग घ्या, सर. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचंय. सहा महिने झाले, लाल वायर कोणती अन् काळी कोणती, मला दिसंना.”