प्रायश्चित्ताचा दुसरा दिवस

गावाच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी धाकट्या दिराने भर चौकात अंगरखा टराटरा फाडला, डोक्यावर राख घेतली आणि तो देवापुढे ओक्साबोक्शी रडला. विधवा वहिनीला ते बघून आशा वाटली. हद्दीचा दगड सरकवून त्यानेच तिची विहीर गिळली होती. शेत वाळलं, तेव्हापासून ती लोकांचे कपडे शिवून पोट भरत होती.

दुसऱ्या दिवशी तो खरंच तिच्या दारात आला. तिने हातातली सुई खाली ठेवली.

"वहिनी, कालपासून मन कसं हलकं झालंय बघा."

"बसा भाऊजी. मग विहिरीचं काय ठरवलंत?"

"त्याचं बघू हो सावकाश." त्याने काखेतला अंगरखा पुढे केला. "हा तेवढा शिवून द्या. आणि टाके कच्चेच घाला, दर वर्षी फाडताना हात भरून येतात."