पहिल्या पानावरचं खोटं

जहागीरदारांच्या धाकट्या सुनेनं, वनमालानं, आठवणींचं पुस्तक काढलं. आपल्याला सही येत असताना नवऱ्याच्या तेराव्याला थोरल्या दिरांनी जमिनीच्या कागदावर अंगठाच कसा उमटवून घेतला, तेही लिहिलं. धारूरभर घराण्याची छी-थू झाली. हेच थोरले दीर अंगदराव निवडणुकीला उभे. त्यांनी भरल्या सभेत तिच्यापुढं माईक धरला.

"सांग लोकांना, पुस्तकात खोटं लिवलंय म्हणून."

"हाय की खोटं!" वनमालानं डोईवरचा पदर सारखा केला. अंगदरावांचा जीव भांड्यात पडला.

"पण एकच. पहिल्या पानावर 'आदरणीय थोरल्या दिरांना अर्पण' असं छापलंय. त्यातलं 'आदरणीय' तेवढं खोडून वाचा."